चांदण्यात तोडलेली काठी

"पण माई, एवढं करून बी किडा मरतच न्हाई. मी आता करू तरी काय?"

माई सुपात तांदूळ निवडत होती. एक खडा तिनं बोटानं कडेला सारला आणि दुसरा शोधायला लागली.

"कसला किडा?"

"भुंगेरा. वाशात शिरतोय. आतनं बांबूची काठी खातोय आणि खाली पीठ पाडतोय."

"कुणाच्या घरात?"

रवळूनं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. उगाच त्याची एक गुंडाळी सोडली, परत घातली.

"हाय एक गिऱ्हाईक," तो म्हणाला.

माईनं मान हलवली. तिला घाई नव्हती. तिला कधीच घाई नसायची, आणि समोरच्याला घाई असली की ती आणखी सावकाश होई.

रवळू गावडे म्हणजे चंदगडकडच्या त्या रानात छपराचा माणूस. आगोटीच्या आधी, पाऊस लागायच्या आत, कौलं उतरवायची, कुजके वासे काढून नवे घालायचे, परत घर शाकारून द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या हाताखालून गेलेलं घर गळत नाही, असं लोक म्हणायचे. रवळूही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या भानगडीत पडायचा नाही. खुशाल ऐकायचा.

नदीपल्याडच्या टेकाडावर माईची मठी होती. तिचं छप्पर तो दर साली न सांगता शाकारून द्यायचा, म्हणून लोक त्याला माईचा शिष्य म्हणत. माईनं शिकवलं काय, असं कुणी विचारलं तर मात्र तो डोकं खाजवायचा. तिनं त्याला मंत्र दिला नव्हता की माळ घातली नव्हती. एकदा त्यानं हट्टानं मंत्र मागितला. माई म्हणाली, आधी पाय धुऊन ये. तो पाय धुऊन येईतो ती झोपी गेली होती.

"मग?" माईनं विचारलं. "त्या गिऱ्हाइकानं काय काय केलं?"

"सगळं केलं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. तंबाखूचं पाणी मारलं. काजूच्या टरफलाचं तेल फडक्यानं चोळलं, हाताची सालटी निघाली. गडहिंग्लजास्नं औषध आणून फवारलं."

"त्यानं तरी मेलं?"

"पाली मेल्या."

"आणि भुंगं?"

"ते हाईत तसंच. उलट पाली हुत्या तवा चार भुंगं त्या तरी खायच्या."

माई हसली. तोंडात एकही दात नव्हता, त्यामुळं ते हसू पार कानापर्यंत गेलं. रवळूला हसू आलं नाही.

"काठी कवा तोडलेली?" माईनं विचारलं.

रवळू मुंडाशाचं टोक पिळायला लागला.

"अंधारात, का चांदण्यात?"

"चांदण्यात."

"कुठल्या खुळ्यानं?"

त्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. चंद्र वाढता असला की काठीत गोडी चढते, आणि ज्या काठीत गोडी तिला भुंगेरा लागणारच. म्हणून घराची काठी तोडायची ती अंधाऱ्या पंधरवड्यात. तोडून झाली की तिला वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायची, उरलीसुरली गोडी पाण्याबरोबर जाऊ द्यायची. मगच ती छपरावर चढवायची. रवळूनं तर चांदण्याच्या पंधरवड्यात बांबूच्या बेटात शिरलेल्या माणसाच्या हातातला कोयता काढून घेतलेला होता, आणि वर त्याला भर चावडीपुढं शहाणपण शिकवलेलं होतं.

मठीच्या मागं म्हैस ओरडली. माईनं सूप एकदा आपटलं, कोंडा उडवला.

"माई," रवळू म्हणाला. "गिऱ्हाईक न्हाई. घर माझं हाय. काठी बी मीच तोडली."

"ते मला कवाच कळलंय."

"कसं?"

"दुसऱ्याच्या घराचं सांगताना तुझा आवाज मोठा असतो."

घर त्यानं बांधायला घेतलं ते मंजुळासाठी. मंजुळा त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा भावाभावांच्या एका घरात रवळूच्या वाट्याला मागची पडवी आली होती, आणि ती पडवी गळायची. आगोट जवळ आली की रवळू लोकांच्या छपरांवर. सगळ्यांची छपरं उरकून घरी येईतो पाऊस येऊन बसलेला असायचा. मंजुळा जागोजाग भांडी मांडायची आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. ती भांडली कधी नाही. "औंदा?" एवढंच विचारायची. "औंदा नक्की," असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याला ते अगदी खरं वाटायचं.

एके वर्षी तिनं विचारलंच नाही. सगळी भांडी पुसून पालथी घातली, दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

"लोकांची घरं शाकारून झाली की मला न्यायला या," ती म्हणाली. "आपली चूल, आपलं छप्पर. मग मी एक दिस बी माहेरी ऱ्हाणार न्हाई."

रागानं म्हणाली असती तर रवळूनं तिला अडवलं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि तळेवाडीच्या वाटेला लागली. तो अंगणात उभा राहून बघत राहिला.

त्यानंतर रवळूला पडवीत झोप येईना. गळणाऱ्या पाण्याखाली भांडी मांडायला कुणी नव्हतं आणि त्याच्याही हातून ती मांडली जात नव्हती. गावाच्या कडेला एका परागंदा लोहाराचं घर पडून होतं. भिंती दणकट, वर आभाळ. ते त्यानं घेतलं आणि एकट्यानं उभं करायला लागला.

ते घर त्यानं जसं केलं तसं कुणाचंच केलं नव्हतं. जमीन चोपून चोपून सारखी केली. चुलीसमोर खिडकी काढली, कारण रांधणाऱ्या बाईला वाटेवरून कोण येतंय ते दिसलं पाहिजे, असं मंजुळा कधीतरी बोलून गेली होती. चुलीशेजारच्या कोनाड्याला तर त्याला एक अख्खा दिवस लागला. तिचा हात कुठवर पोचतो हे नेमकं आठवेना. शेवटी डोळे मिटून त्यानं आपल्या खांद्याला हात लावला. तिचं डोकं इथवर यायचं. तिथून अंदाज धरला आणि कोनाडा कोरला. कोरून झाल्यावर बराच वेळ तो त्या कोनाड्यात हात घालून उभा होता. कुणी बघितलं असतं तर वेडा म्हटलं असतं.

राहिली ती वरची काठी. आणि नेमका पंधरवडा चांदण्याचा.

थांबायचं म्हणजे आधी अंधाऱ्या पंधरवड्याची वाट बघायची, मग ओढ्यात भिजवायची, मग वाळवायची. रवळूचा जीव एवढं थांबायला तयार नव्हता. एकदा मंजुळा त्या खिडकीशी बसलेली बघायची, एवढंच त्याच्या डोक्यात. एवढ्या काठ्या आजवर हाताखालून गेल्या, एका खेपेला काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. बेटात गेला आणि काठी तोडून आणली. ओल्या वाशांवरच कौलं चढवली.

दसरा तोंडावर आला. उद्या तळेवाडीला जायचं म्हणून त्यानं जमीन नव्यानं सारवली होती. सकाळी दार उघडलं तर हिरव्या सारवणावर पिवळ्या पिठाची एक बारकी ढिगुळी. तिच्या शेजारी आणखी एक. रवळूनं वर बघितलं. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती.

तो तळेवाडीला गेला नाही.

तेव्हापासून धूर, तेल, पाणी, औषध. घरात भुंगेरे आहेत हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही. छपराच्या माणसाच्या छपराला भुंगा लागला म्हणजे गावानं काय सोडलं असतं? कुणी विचारलं तर सांगायचा, अजून थोडं काम आहे. रोज संध्याकाळी काळी घोंगडी जमिनीवर अंथरायचा आणि सकाळी तिच्यावर पीठ पडलंय का बघायचा. रोज पडलेलं असायचं. दुपारच्या शांततेत कान दिला तर वर करकर ऐकू यायची.

"तिला बघितलंस का मध्ये?" माईनं विचारलं.

"बघितली की. गेल्या साली तळेवाडीत एक घर शाकाराय गेलो हुतो. वरनं तिच्या माहेरचं अंगण दिसतं. काजू वाळत घालत हुती. मला वळखलं तिनं. डोळ्यांवर हात धरून खालनं विचारलं, झालं का?"

"मग?"

"मी म्हटलं, थोडं राहिलंय."

"खाली उतरला न्हाईस?"

"कौलं हातात हुती, माई."

सुपातले तांदूळ माईनं एका बाजूला गोळा केले.

"आणि औंदा?"

"औंदा परत तिथंच काम लागलं. अंगणात हुती. मी वरनं मुद्दाम कौल वाजवलं. तिनं वर बघितलं…"

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. बघितलं आणि काजू उलथाय लागली. विचारलंच न्हाई, माई. ती आता विचारतच न्हाई."

हे बोलताना त्याचा आवाज फुटला. इतका मोठा गडी, कुणाच्याही आढ्यावर डोळे झाकून चालणारा. तो मठीच्या उंबऱ्याशी बसून मुंडाशानं तोंड पुसत होता. माईनं त्याला पुसू दिलं.

मग म्हणाली, "पंधरा दिस दम निघाला न्हाई तुला."

"न्हाई निघाला."

"आणि आता कसा निघतोय?"

रवळूला हे लागलं. तो ताडकन म्हणाला, "मग काय करू? आणू तशीच? तिच्या ताटात लाकडाचं पीठ पडंल. लोकांच्या घरात ठिपका गळू दिला न्हाई मी, आणि माझ्या बायकोला असलं घर दाखवू? कुठल्या तोंडानं? तुमी मला औषध सांगा. रानातला पाला सांगा, मंत्र सांगा, काय बी सांगा. ज्या दिवशी किडा जाईल त्याच दिवशी तिला आणाय जातो. शपथ घेतो."

माईनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मला भूक लागल्या," ती म्हणाली.

रवळू गोंधळला. "भात टाकू? हितं चूल पेटवतो."

"हितं नगं. तुझ्या घरात."

"पडवीत?"

"पडवीत कशाला? नव्या घरात जेवणार मी."

"माई, त्या घरात अजून चूल पेटली न्हाई."

"मग पेटव."

"पहिली चूल तिनं पेटवायची, असं ठरवलंय."

"कुणी?"

"मी."

"तिला विचारलंस?"

माईनं कोपऱ्यातली काठी घेतली. निवडलेले तांदूळ फडक्यात बांधून रवळूच्या हातात दिले आणि उतारानं चालू लागली. म्हातारी दर दहा पावलांवर थांबायची, पण मागं वळून बघायची नाही. रवळूला मुकाट मागनं जावं लागलं.

घरात शिरल्यावर तिनं वर बघितलंच नाही. त्यालाच धास्ती, आता बघेल, मग बघेल. ती सरळ चुलीकडं गेली. कोनाड्यात हात घालायला गेली तर तिचा हात पोचेना. टाचा उंचावल्या तरी पोचेना.

"ह्यो कुणाच्या उंचीचा?"

"तिच्या."

"हं," माई म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

रवळूनं चुलीत लाकडं रचली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. त्याला वाटत होतं की आपण कुणाचं तरी काहीतरी चोरतोय. तिसऱ्या काडीला पाचोळा पेटला. धूर वर गेला, नव्या वाशांना जाऊन भिडला.

रोजच्या चुलीचा धूर खाल्लेल्या वाशाला भुंगेरा शिवत नाही, असं रवळू जे गिऱ्हाईक भेटेल त्याला सांगत आलेला. घर बांधून रिकामं ठेवू नका, लेको, त्यात राहा, असं वर दरडावायचा. ते आज त्याला आपल्याच चुलीपुढं आठवलं. फुंकणी तोंडाला लावलेली तशीच राहिली.

"विझंल," माई म्हणाली.

त्यानं फुंकर घातली.

भात झाला. भावाच्या घरून पीठमीठ मागून आणून त्यानं कुळथाचं पिठलं केलं. पितळी ताट घासून पुसून माईपुढं मांडलं, वाढलं. माईनं हात जोडले, पहिला घास कालवला. तेवढ्यात वरून पीठ आलं. बारीक, पिवळं, शांतपणे. पांढऱ्या भातावर येऊन बसलं.

रवळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा, थांबा माई." त्यानं ताट उचललं, वरचा भात काढला. तिला भिंतीकडं बसवलं. तिथंही पीठ. दाराकडं बसवलं. तिथंही पीठ. धुरानं वर काय हालचाल झाली कोण जाणे, पण त्या दिवशी सगळं घर गाळत होतं.

"अरे, मी काय जेवायला बसलीया, का घरभर फिरायला?" माई वैतागली. "ठेव ते ताट खाली."

त्यानं ठेवलं. मग तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि उजव्या हाताचा पंजा पसरून तिच्या ताटावर धरला.

माई जेवू लागली.

बिनदाताचं जेवण ते. एकेक घास ती हिरड्यांत घोळवत होती. पीठ रवळूच्या पंजाच्या पाठीवर पडत होतं. त्यानं हात झटकला नाही, कारण झटकला तर ताटात पडलं असतं. माईला भात हवा झाला तर तो डाव्या हातानं वाढायचा. पाणी हवं झालं तर डाव्या हातानं तांब्या पुढं करायचा. उजवा हात जागचा हलत नव्हता.

"पिठलं बरं झालंय," माई म्हणाली. "तिला आवडतं?"

"तिला तळाला लागलेलं आवडतं. करपलेलं. आमचं सगळ्यांचं झालं की पातेलं घिऊन बसायची. खरवडून खायची."

माईचा घास थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"खायची?"

"खाती," रवळू घाईनं म्हणाला. "खात असंल."

माई परत जेवू लागली. बाहेर वाटेवरून कुणाची तरी गुरं गेली. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत वाजत लांब गेल्या. तिनं आणखी भात मागितला. रवळूनं वाढला. मघाशी हे जेवण कधी संपतंय असं त्याला झालं होतं. आता तसं काही वाटत नव्हतं. त्याचं लक्ष फक्त ताटावर होतं.

माईनं शेवटचा घास खाल्ला. ताट बोटानं निपटून घेतलं, त्यात पाणी घालून ते प्याली. ताट लख्ख झालं.

रवळूचा हात अजून तिथंच होता.

"झालं की रं जेवून," माई म्हणाली.

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात हळूच बाजूला घेतला, पीठ न सांडता, आणि तसाच धरून राहिला.

"हात दुखला?"

"न्हाई, माई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई दुखला."

माईनं त्याच्या हातावरच्या पिठाकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं.

"मग तिला इतकं दिस उपाशी का ठेवलंस?"